सेन्सर बदलण्याआधी अर्थिंग तपास

भाऊ, बाईकमध्ये बिघाड आला म्हणून लगेच नवा सेन्सर घ्यायची घाई करू नकोस. जुन्या गाडीत दोष बहुतेक वेळा वायरिंगमध्येच निघतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना आकडा 10च्या खाली गेला तर बॅटरी थकलीये किंवा टर्मिनल सैल आहे.

मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनच्या धातूशी जोडणी, आणि हे मनापासून कर. मीटर डीसी व्होल्टवर ठेव, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लाव आणि सेल्फ मार. 0.3च्या वर दिसलं की अर्थची वायर सोड, बोल्टखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून काढ.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरलेल्या गाडीचे कपलर (वायरी एकमेकींना जोडणारे सॉकेट) उघडून बघच. पितळी पिनांवर हिरवट थर दिसेल; कॉन्टॅक्ट क्लीनर मार, वाळू दे. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव. बंद पडलं तर तिथली वायर आतून तुटलीये, वरचं आवरण धड दिसलं तरी.

चार्जिंग 5000 आरपीएमला बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट हवं. 15च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. हे सगळं ठीक निघालं, तरच सेन्सरकडे वळ.