डॅशबोर्डवरील बातम्यांचे विजेट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर आहे. संपादकांना लॉग-इन करताच आमच्याच बातम्यांचा फीड (नव्या बातम्यांची आपोआप बदलणारी यादी) डॅशबोर्डवर, म्हणजे लॉग-इननंतरच्या पहिल्या पानावर, दिसावा, यासाठीचा कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये लिहावा का?

उत्तर : तेथे लिहिलेला कोड चालतो, पण थीम (संकेतस्थळाची मांडणी) बदलली की विजेट, म्हणजे डॅशबोर्डवरील तो चौकोनही, नाहीसे होते. म्हणून एकाच फाइलचे छोटे प्लगइन (थीमपासून स्वतंत्र राहणारी जोडणी) तयार करावे. त्यात 'डब्ल्यूपी डॅशबोर्ड सेटअप' या हुकला, म्हणजे वर्डप्रेस ठरावीक क्षणी आपला कोड चालवते त्या जागेला, आपले फंक्शन जोडावे आणि त्या फंक्शनमधून 'डब्ल्यूपी ॲड डॅशबोर्ड विजेट' हे फंक्शन बोलवावे. २००८ च्या २.७ आवृत्तीपासून उपलब्ध असलेल्या या फंक्शनला विजेटची ओळखखूण, शीर्षक आणि मजकूर छापणाऱ्या फंक्शनचे नाव एवढे दिले तरी पुरते.

प्रश्न : विजेट दिसते, पण नवी बातमी त्यात अर्धा दिवस उमटत नाही. आमचे काय चुकते?

उत्तर : काहीही चुकत नाही. 'फेच फीड' हे फंक्शन सिम्पलपाय या लायब्ररीच्या मदतीने आरएसएस आणि ॲटम हे फीडचे दोन्ही प्रकार वाचते आणि मिळालेला मजकूर १२ तास साठवून ठेवते. ही मुदत ठरवणारा फिल्टर (वर्डप्रेसचे ठरलेले मूल्य बदलण्याची सोय) फीड मागवण्याच्या लगेच आधी लावून ३६०० सेकंद, म्हणजे एक तास, ही मुदत द्यावी आणि फीड मिळताच तो फिल्टर काढून टाकावा, अन्यथा इतर फीडांची मुदतही बदलेल. मुदत शून्यावर मात्र आणू नये, कारण मग डॅशबोर्ड उघडण्याच्या प्रत्येक वेळी पान दुसऱ्या सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबून राहते आणि तो सर्व्हर मंद असला तर त्याचा त्रास संपादकांना होतो.

प्रश्न : बातम्यांचा सर्व्हर बंद पडला आणि आमचा डॅशबोर्डच उघडेनासा झाला. असे का व्हावे?

उत्तर : फीड मिळाला नाही तर 'फेच फीड' बातम्यांऐवजी त्रुटीचा ऑब्जेक्ट परत करते. त्या ऑब्जेक्टकडे बातम्या मागितल्या की वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची घातक त्रुटी येते आणि पान तेथेच तुटते. म्हणून आधी 'इज डब्ल्यूपी एरर' ही तपासणी करावी आणि त्रुटी असल्यास 'बातम्या सध्या उपलब्ध नाहीत' एवढे एक वाक्य छापून फंक्शन संपवावे.

याच्याच जोडीला एक गोष्ट आपण विचारली नसली तरी मला आग्रहाने सांगावीशी वाटते. फीडमधील मजकूर बाहेरून येतो आणि तो अशा पानावर छापला जातो, जेथे प्रशासक सर्व अधिकारांसह लॉग-इन केलेला असतो. त्या मजकुरातून एखादी स्क्रिप्ट शिरली, तर ती प्रशासकाच्याच अधिकाराने नवा वापरकर्ताही तयार करू शकते. सिम्पलपाय मजकूर बऱ्याच अंशी गाळून घेते, तरीही शीर्षक 'एस्केप एचटीएमएल' आणि दुवा 'एस्केप यूआरएल' या फंक्शनमधून नेल्याशिवाय छापू नये. फीड आपल्याच दुसऱ्या संकेतस्थळाचा असला तरी ही काळजी घ्यावी, कारण तेही कोणी फोडू शकते.

प्रश्न : वर्डप्रेसच्या स्वतःच्या बातम्या काढून टाकता येतात का? आणि आमचे विजेट फक्त संपादकांनाच दाखवता येईल का?

उत्तर : दोन्ही शक्य आहे. त्याच हुकमध्ये 'रिमूव्ह मेटा बॉक्स' वापरून 'डॅशबोर्ड प्रायमरी' ही ओळखखूण असलेला चौकोन काढता येतो. विजेट जोडण्यापूर्वी 'करंट यूजर कॅन' ने अधिकार तपासावा. इतरांच्या नोंदी संपादित करण्याचा अधिकार तपासला, तर मूळ रचनेत विजेट संपादक आणि प्रशासक या दोघांनाच दिसते.