ट्रान्सफॉर्म लावला आणि भलतंच झालं

(ट्रान्सफॉर्म म्हणजे वेबपानावरचा घटक फिरवणारा (रोटेट), सरकवणारा (ट्रान्सलेट) किंवा लहानमोठा करणारा (स्केल) सीएसएस गुणधर्म.)

प्रश्न: मथळ्यातला एकच शब्द तिरका करायला स्पॅनला (मजकुराचा तुकडा वेगळा धरणाऱ्या एचटीएमएल टॅगला) रोटेट दिलं. शब्द ढिम्म हलत नाही.

उत्तर: स्पॅन मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतच वाहणारा, आणि मजकुराच्या अशा घटकावर ट्रान्सफॉर्म चालतच नाही. डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक करा.

प्रश्न: बॅज 100 पिक्सेल उजवीकडे नेऊन 90 अंशांत फिरवायचा होता. तो खाली का गेला?

उत्तर: तुम्ही रोटेट आधी लिहिलंय. घटक फिरला की त्याचे अक्षही फिरतात. 90 अंशांनंतर त्याची ‘उजवी’ बाजू पडद्यावर खाली येते. ट्रान्सलेट आधी, रोटेट नंतर लिहा. नाहीतर ट्रान्सलेट, रोटेट, स्केल हे स्वतंत्र गुणधर्म वापरा. 2022 पासून ते सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहेत. कुठल्याही क्रमाने लिहा, लागू याच क्रमाने होतात. शिवाय हॉवरला (माउस घटकावर आल्यावर) नुसता स्केल दिला तर आधीचा रोटेट पुसला जात नाही. एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये सगळं कोंबलं की तो हमखास पुसला जातो.

प्रश्न: हॉवरवर कार्ड 8 पिक्सेल वर उचलतो. माउस खालच्या कडेजवळ असला की कार्ड थरथरतं.

उत्तर: कार्ड वर गेलं की माउस त्याच्या बाहेर पडतो, हॉवर सुटतो, कार्ड परत माउसखाली येतं, पुन्हा हॉवर. कार्डाभोवती एक डिव्ह (नुसती चौकट) घाला. हॉवर त्या डिव्हवर, हलणं आतल्या कार्डाचं. ट्रान्सफॉर्मने मूळ जागा बदलत नाही, म्हणून डिव्ह जागचा हलत नाही.

प्रश्न: पोझिशन फिक्स्ड (पडद्यावर एका जागी स्थिर) असूनही पॉपअप पानासोबत सरकतो. झेड-इंडेक्स (कोण कुणावर दिसेल ते ठरवणारा आकडा) 9999 दिलाय.

उत्तर: झेड-इंडेक्सचा इथे काही संबंध नाही. पॉपअप ज्याच्या आत आहे अशा एखाद्या घटकाला (पूर्वजाला) ट्रान्सफॉर्म असेल, तर फिक्स्ड पडद्याऐवजी त्या घटकाला चिकटतो. शून्य अंशांचा रोटेटही पुरतो. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरच्या तपासणी साधनांत) कॉम्प्युटेड टॅब उघडून एकेक पूर्वज तपासत वर चढा. ट्रान्सफॉर्मपुढे ‘नन’ सोडून काही दिसलं की चोर सापडला. बहुतेकदा तो पान उघडताना मजकूर अलगद वर आणणारा ॲनिमेशन असतो: शेवटची फ्रेम ट्रान्सलेटवाय (उभं सरकणं) शून्य, फिल-मोड फॉरवर्ड्स, म्हणजे संपल्यावरही शेवटची फ्रेम कायम. त्या फ्रेमचं ‘नन’ करून भागत नाही, कारण फॉरवर्ड्स असेपर्यंत ब्राउझर घटकाला ट्रान्सफॉर्म असल्यासारखंच वागवतो. फॉरवर्ड्स काढा, घटक शेवटी मूळ जागीच येतो, त्यामुळे त्याची गरजही नसते. ॲनिमेशनला हात लावता येत नसेल तर पॉपअप बॉडीच्या शेवटी हलवा, किंवा डायलॉग घटक घेऊन शोमोडल मेथडने उघडा. तो टॉप लेयरमध्ये (सगळ्या पानाच्या वरच्या थरात) जातो आणि पूर्वजांच्या तावडीतून सुटतो.