पश्चिमेच्या खिडक्या आधी बदला, बाकीच्यांचं नंतर बघू

वर्सोव्याला चौथा मजला, बिल्डरने बसवलेल्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, पावसात पाणी आत. सहा खिडक्या, मिळून 110 चौरस फूट. साध्या अ‍ॅल्युमिनियमचं कोटेशन 480 रुपये फूट, यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकच्या फ्रेमचं) 950. कुठलं घेऊ, असं विचारलंयत. माझं मत आधीच सांगतो: दोन्हींतला फरक वाटतो तेवढा मोठा नाही, आणि पाणी थांबणार की नाही हे त्या भावावर ठरतच नाही.

मी माहीमला राहतो, समुद्र चालत दहा मिनिटांवर. याच घराच्या खिडक्या दोनदा बदलल्यात, 2009 ला आणि 2019 ला. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली, कारण पहिल्यांदा मी तुमच्यासारखाच फक्त फुटाचा भाव बघत बसलो होतो. दोन पावसाळे ठीक गेले. तिसऱ्या जुलैत खिडकीखालच्या भिंतीला पोपडे धरले आणि रात्री ट्रॅकमध्ये जुने टॉवेल कोंबून झोपायची सवय लागली.

2019 ला फ्रेम काढली तेव्हा उलगडा झाला. आधीच्या माणसाने खालच्या ट्रॅकलाच वरून भोकं पाडून, साधे लोखंडी स्क्रू थेट कडप्प्यात पिळले होते. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्याच भोकांतून भिंतीत उतरत होतं. एका स्क्रूला पेचकस लावला तर त्याचं डोकं तांबडा भुगा होऊन हातात आलं आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पुडीसारखं खरवडून निघालं. खारी हवा आणि दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, दुसरं काय होणार? सेक्शन, म्हणजे फ्रेमची पट्टी, बाकी धडधाकट होता! वाया गेलं ते चार रुपयांच्या स्क्रूपायी.

म्हणून दोघांनाही हे विचारा. स्क्रू कुठले? 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे तरी हवेत, अगदी समुद्रासमोर असाल तर 316. जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. स्क्रू खटकन चिकटला तर तो हलका माल, परत करा. (304 आणि 316 मधला फरक चुंबकाला कळत नाही, तिथे बिलावर लिहून घ्या.) फ्रेम बाजूच्या भिंतींत अडकवणार की खालच्या ट्रॅकमधून? ट्रॅकमधून म्हणाला तर तिथेच नमस्कार करा. ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं आहेत का? आणि फटी बुजवायला सिलिकॉन कुठलं? लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्तातलं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, धातूलाही खातं. न्यूट्रल मागा.

यूपीव्हीसीला खारं काही करत नाही हे खरं, पण आत मजबुतीला लोखंडी पट्टी असते, आणि बिजागऱ्या, लॉक, बेअरिंग सगळं धातूचंच. आमच्या शेजाऱ्यांची पांढरीशुभ्र यूपीव्हीसी खिडकी आजही नवी दिसते, फक्त उघडत नाही. अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर पावडर कोटिंग 60 ते 80 मायक्रॉनचं आणि सेक्शन जरा जाड घ्या. मी डोमल (जाड, भारी सेक्शनचा एक प्रकार) घेतलं, वाऱ्यात खडखडत नाही.

आता पैशांचं. माझ्या पाच खिडक्या, 96 फूट, 2019 चा भाव 620. म्हणजे 59,520. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 70 हजार. इथवर कोटेशन. मग तोडफोड आणि डेब्रिज 9,000. कडप्पा काढून बाहेरच्या बाजूला उतार देऊन ग्रॅनाईट, 14,000. ग्रिल काढून, रंगवून परत बसवायला 11,500. आतल्या भिंतींना पुट्टी-रंग 8,000. एकूण 1 लाख 12 हजारांच्या वर, मूळ आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. तुमच्या 480 वाल्याने यातलं काय धरलंय ते विचारा. बहुतेक काहीच नसेल. मापही आपल्या टेपने घ्या, कारण काचेचं माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांपर्यंत वाढवून बिलात येतं. जुनं अ‍ॅल्युमिनियम भंगारात किलोवर जातं, ते खिडक्या बसवणारा फॅब्रिकेटर गुपचूप उचलून नेतो. त्याचे पैसे वळते करून घ्या.

ग्रॅनाईटचे 14 हजार ऐकून आमच्या घरी बरंच महाभारत झालं होतं. पण पाणी थांबलं ते त्या उतारामुळे, असं मी आजही म्हणेन.

आणि सहाच्या सहा कशाला बदलताय? आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम-नैऋत्येकडून. तुमच्या पूर्वेच्या दोन खिडक्यांवर छज्जा आहे असं लिहिलंयत, मग त्यांचे रबर, ब्रश आणि बेअरिंग बदला, काही हजारांत भागेल. वाचलेले पैसे समुद्राकडच्या चार खिडक्यांच्या ग्रॅनाईटवर घाला. डबल काच फक्त रस्त्याच्या आवाजासाठी हवी असेल तर लॅमिनेटेड काचेचाही (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेल्या) भाव काढा. पावसाळ्यात एसी लावल्यावर काचेला बाहेरून दव धरतं, त्याला गळती समजून कुणाला बोलावू नका.

काम डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यात अर्धे कारागीर गावी असतात आणि उरलेल्यांना सगळी मुंबई एकदम आठवते. सोसायटीचं पत्र आणि डिपॉझिट आधी उरकून घ्या.

बसवून झालं की ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता. मिनिटाभरात बाहेर गेलं पाहिजे. मग बाहेरून पाईपने पाणी मारून बघा. तरीही थोडे पैसे हातात ठेवा. मी सात हजार पहिल्या मोठ्या पावसापर्यंत अडकवले होते. काम फेब्रुवारीत झालं होतं, एप्रिलपासून फॅब्रिकेटर दर आठवड्याला फोन करून विचारायचा, "काका, तुमच्याकडे पाऊस आला का?"