पणजोबांच्या युद्धसेवेवरून अद्भुतकथा कशी लिहावी?

आपले खानापूरचे पणजोबा पहिल्या महायुद्धात 110व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेले होते आणि त्यांना अद्भुतकथेचा नायक करावे असे आपणांस वाटते, तर आधी खरा तपशील हाताशी घ्यावा. तिथल्या कूत-अल-अमारा गावात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेला तुर्कांनी घातलेला वेढा डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत चालला. धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस खावे की उपाशी राहावे, हा पेच अनेक हिंदी शिपायांपुढे पडला आणि माझ्या मते कोणत्याही राक्षसापेक्षा तोच कल्पित जगात अधिक भेदक ठरेल. तैग्रिसला खुशाल मायावी नदी करावे, तुर्कांना मात्र राक्षस करू नये. पणजोबांच्या युद्धपदकाच्या कडेवर कोरलेला त्यांचा सैनिकी क्रमांक (आमच्या घरचा वाचायला भिंग लागते) कथेत मंत्र म्हणून शोभेल.