चकलीने कोणी बाटत नाही

मावशी, जय ख्रिस्त.
मी 36 वर्षांची, वानवडीत राहते, खराडीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घर पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती. दोन वर्षांपूर्वी एका प्रार्थना गटात जायला लागले आणि पवित्र जीवन जगायचं मनावर घेतलं. पहाटे साडेचारला उठून तासभर प्रार्थना करते. ऑफिसात टपरीवरच्या गप्पांना जाणं सोडलं. यंदा शेजारच्या काकूंनी दिवाळीचा फराळ पाठवला, तो आम्ही खाल्ला नाही, कामवाल्या मावशींना देऊन टाकला. त्यांनी बोनस मागितला, तर आम्ही दिवाळी करत नाही, नाताळात देऊ, असं सांगितलं. पण घरात शांती नाही. मालिकांवरून सासूबाईंशी रोज खटके उडतात. त्यांच्यासाठी गटात प्रार्थना ठेवली, ते त्यांना कुठून तरी कळलं. आता त्या बोलत नाहीत. नवरा म्हणतो, तू संत, आम्ही पापी. परवा मी प्रार्थनेला बसले असताना सात वर्षांचा मुलगा उठून जवळ आला, त्याला मी धपाटा घातला. रोज रात्री हिशोब मांडते, रोज नापास. कुठे चुकतेय मी?
एक वाचक, वानवडी

पोरी, जय ख्रिस्त.

धपाट्यापासून सुरू करते, कारण तो तू लपवला नाहीस. साडेचारला उठतेस, झोपतेस कधी ते मात्र लिहिलं नाहीस. खराडीहून त्या ट्रॅफिकमधून घरी यायचं, स्वयंपाक, पोराचा अभ्यास, म्हणजे अकरा तर वाजत असतीलच. पाच तास झोपलेली बाई देवदूतावरही खेकसेल. बायबलातला एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर खाऊ घातली, पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. तू सहाला ऊठ. पोरगा प्रार्थनेच्या वेळी आला तर मांडीवर घे. आई देवाशी बोलते तेव्हा आपल्याला जागा असते, एवढं त्याला कळलं तरी तुझा तास सत्कारणी लागला.

आता फराळ. गुरुवार पेठेतलं पंचहौदाचं देवालय तुला माहीत असेल. तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली एक चहा झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी व्याख्यानाला गेली होती, त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी, त्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ख्रिस्ती माणसाच्या हातच्या चहाने लोक बाटत होते तेव्हा! आपल्या आज्या-पणज्यांनी ‘बाटलेले’ हा शब्द किती वेळा ऐकला असेल. आणि त्यांच्याच घरातली लेक आज शेजारणीच्या चकलीला घाबरते.

हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग जरा वाईटही वाटलं, कारण हे मीही केलंय. लग्नानंतर नवा जोश होता, तेव्हा ह्यांच्या भावगीतांच्या सगळ्या कॅसेट मी एका दुपारी भंगारवाल्याला दिल्या. हे काही बोलले नाहीत. फक्त गुणगुणणं थांबलं.

आपण ज्याला पवित्रता म्हणतो ते पुष्कळदा सोवळंच असतं, नुसतं नाव बदललेलं. याला शिवायचं नाही, ते खायचं नाही, अमक्यात मिसळायचं नाही. बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळत नाही, आतून निघतं ते विटाळतं, असं प्रभूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे. नैवेद्याचा प्रसाद घ्यावा की नाही, हा प्रश्न वेगळा. प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात सांगतो, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नको. तुझा विवेक प्रसादाला तयार नसेल तर हात जोडून, हसून नाही म्हण. त्यावर मी वाद घालणार नाही. पण काकूंनी तुला प्रसाद पाठवला नव्हता, चिवडा-चकली पाठवली होती.

खरी गाठ पुढेच आहे. ‘पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ हे तुमच्या गटात पाठ असेल. ते बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. तो अख्खा अध्याय एकदा शांतपणे वाच. त्यात मूर्तींना मनाई आहे, शब्बाथ आहे, तेही तुझ्याइतकंच मला मान्य. पण त्याच दमात देव शेतात शिरतो. कापणी करताना कडेचं पीक गरिबांसाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका. लोकांच्या चहाड्या करत फिरू नका. खरा तराजू, खरी वजनं वापरा. तू अकाउंट्सला आहेस, शेवटचं काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

मजुरीचं वचन वाचताना तुझ्या कामवाल्या मावशी डोळ्यांपुढे आल्या. दिवाळी तू करत नाहीस, त्या करतात. त्यांच्या पोरांना कपडे दिवाळीत लागतात, नाताळात नाही. तुझ्या धर्मशास्त्राने त्यांचे पैसे दोन महिने लांबवले, आणि आपण वचन पाळलं असं तुला वाटलं. जो फराळ आपल्याला चालत नव्हता तो त्यांना दिलास, तो वेगळाच. उद्याच पैसे दे, ‘उशीर झाला’ म्हणून दे. नाताळाचे पुन्हा वेगळे द्यायचे.

चहाड्यांचं म्हणशील तर टपरी सुटली हे चांगलं झालं. पण सासूबाईंच्या मालिका ‘प्रार्थना विनंती’ होऊन गटात गेल्या, ते काय होतं? डोळे मिटून केली तरी चहाडीच ती. आपल्या मंडळ्यांमधला हा जुना रोग आहे, एकटी तुझीच चूक नव्हे. सासूबाईंची माफी माग, आढेवेढे न घेता. त्यात वचन घालू नकोस, साक्ष देऊ नकोस. मग संध्याकाळी चहा घेऊन त्यांच्याजवळ बस आणि ती मालिका एक दिवस बघ. वाईट असेल, माहितीये मला. बायबलातल्या इब्री लोकांच्या पत्रात (12:14) सर्वांशी शांतीने राहणं आणि पवित्रता एकाच वाक्यात आहेत. त्यातला अर्धाच भाग पाठ करून चालत नाही.

रात्रीचा हिशोब मात्र बंद कर. करिंथची मंडळी काय कमी होती? आपसांत तट, एकमेकांवर कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा प्यायलेला. तरी पौल पत्राच्या पहिल्याच ओळींत त्यांना पवित्र केलेले म्हणतो, मग कान धरतो. आधी आपलं म्हटलं, मग सुधारायला घेतलं. तू हे उलटं करतेयस, म्हणून रोज नापास होतेस. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो लिहितो की शांतीचा देव स्वतः तुम्हाला पूर्णपणे पवित्र करो, आणि बोलावणारा विश्वसनीय आहे, तो हे करील. खातं त्याच्याकडे आहे. तू झोपायच्या आधी नवऱ्याला विचार, आज दिवस कसा गेला. आणि उत्तर ऐकून घे.

एक राहिलं. काकूंचा फराळाचा डबा परत केल्याचं पत्रात कुठे दिसलं नाही. रिकामा पाठवायचा नसतो, हे मी सांगायला नको. नाताळाच्या करंज्यांपर्यंत थांबू नकोस, या रविवारीच काहीतरी कर. नारळाच्या वड्या जमतात ना?

तुझी मावशी