माचू पिचूला जाताना ओयांतायताम्बोला मुक्काम करावा, की अवशेष पाहून त्याच दिवशी पुढची गाडी पकडावी?

मुक्काम कराच, जमलं तर दोन रात्री. पेरूतलं हे गाव बहुतेकांना माचू पिचूची गाडी पकडायचं स्टेशन म्हणूनच माहीत असतं. बसमधून उतरायचं, पायऱ्या चढून फोटो काढायचे आणि संध्याकाळी निघायचं. यात गाव बघायचं राहूनच जातं, आणि माझ्या मते इथला खरा वारसा गावच आहे.

मुख्य चौकामागे कोस्को आय्यू ही जुनी वस्ती आहे. पंधराव्या शतकात इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांनी, आखलेल्या या गल्ल्यांत लोक आजही राहतात. भिंतींचा खालचा भाग इंकांच्या दगडांचा, वर मातीच्या कच्च्या विटा. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून डोंगरावरचं पाणी खळाळत असतं. वर निमुळत्या होत गेलेल्या दारातून आत गेलं की वाड्याच्या चौकासारखं अंगण आणि त्याभोवती एकेका खोलीची घरं. या रचनेला कांचा म्हणतात. एका आजींनी मला आत बोलावलं. चुलीपाशी जमिनीवर गिनीपिग पळत होते, आढ्याला मक्याची कणसं टांगलेली होती आणि इंकाकालीन कोनाड्यात रेडिओ चालू होता. तिथे पाचशे वर्षांपूर्वीच्या भिंतींना कुणी दोरी लावून वेगळं ठेवलेलं नाही, त्या रोजच्या वापरात आहेत. म्हणूनच मला हे गाव इतकं मोलाचं वाटतं.

वरचे अवशेषही नीट वेळ देऊन बघा. सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड शिळा नदीपलीकडच्या काचीकाता खाणीतून आणल्या. लोखंडी हत्यारं नाहीत, चाकाची गाडी नाही. डोंगर उतरवून, नदी ओलांडून, उतारावरून माणसांनी त्या ओढत वर चढवल्या. बांधकाम अर्धवटच राहिलं. वाटेत सुटलेल्या शिळा अजून पडून आहेत, लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. १५३७ मध्ये इंका राजा मांको इंकाने इथेच स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारोच्या फौजेला माघार घ्यायला लावली. नदीचं पाणी सोडून खालचं मैदान बुडवलं, त्यामुळे स्पॅनिश घोडदळ अडकलं.

गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे, जवळचं कुस्को शहर ३,४०० मीटरवर. आधी इकडे आलात तर विरळ हवेची सवय होणं सोपं जातं. सकाळी लवकर समोरच्या पिंकुयुना डोंगरावर चढा. इंकांची धान्याची कोठारं तिथे उघड्या वाऱ्याच्या कड्यावर बांधलेली आहेत, माल थंड आणि कोरडा राहावा म्हणून. शाकाहारी असाल तर रस्त्यावर उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस आणि चीजचा तुकडा मिळतो, पोटभर होतं.

एक कळकळीची विनंती: कुणाच्याही अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका, फोटोही विचारूनच काढा. ती राहती घरं आहेत. राहायलाही शक्यतो गावातल्या कुटुंबाची खोली घ्या. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी पेंतेकोस्ते या ख्रिस्ती सणाला गावात चोकेकिल्काचा उत्सव असतो, मुखवटे घालून नाचणारी पथकं चौकात उतरतात. तेव्हा जाणार असाल तर खोली बरीच आधी ठरवा.