वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी मिळून विस्थापित कुटुंबांना मदत कशी करावी? आमच्या गटाचा अनुभव

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वास्कोत तुमच्या चर्चजवळ मणिपूरहून आलेली चार कुटुंबं भाड्याने राहतात. तुमचे व्हिन्सेंटवाले, युवक गट, पलीकडच्या पेंतेकोस्त मंडळीतले बंधू आणि मार्थोमा चर्चच्या मलयाळी बायका, सगळेच मदत करतात, पण कोण काय देतं ते एकमेकांना माहीत नसतं. एकत्र कसं यायचं आणि कायद्याची अडचण येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची सावंतवाडीची. लग्न होऊन गोव्यात आले त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यातली सोळा वर्षं संत व्हिन्सेंट दी पॉल संघटनेत, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिकांच्या संघटनेत आहे. आधी आमची चूक सांगते.

३ मे २०२३ ला मणिपुरात बहुतांश ख्रिस्ती कुकी आणि बहुतांश हिंदू मैतेई या समाजांत हिंसाचार पेटला आणि साठ हजारांवर माणसांना घर सोडावं लागलं. त्याच पावसाळ्यात तिथल्या चुराचांदपूरहून एक बाई दोन मुलींना घेऊन आमच्याकडे आली. भाऊ इथल्या हॉटेलात कामाला होता, तेवढाच आधार. तिसऱ्यांदा भेटायला गेले तेव्हा खाटेवर बसले आणि पाय खाली कशाला तरी लागले. वाकून पाहिलं तर तांदळाच्या पिशव्या. पाच गटांनी मिळून जवळजवळ सत्तर किलो उकडा तांदूळ दिला होता. त्यांना सवय मऊ, चिकट भाताची. उकडा त्या मुलींच्या घशाखाली उतरत नव्हता. घरात एकच शेगडी, कुकर नाही, आणि अकरा वर्षांची थोरली मुलगी दोन महिने घरी बसलेली, कारण शाळेने टीसी मागितली होती. बाई प्रत्येकाला हात जोडून धन्यवाद म्हणत होती. काय हवंय हे आमच्यातल्या एकानेही तिला विचारलं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

त्यानंतर आम्ही सगळ्या गटांतली दोन-दोन माणसं कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, व्हरांड्यात बसलो. ही बैठक प्रापंचिकांचीच, म्हणजे पाद्री किंवा सिस्टर नसलेल्या साध्या माणसांचीच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. पाद्रींना सगळं कळवायचं, त्यांचा सल्ला घ्यायचा, पण काम आपल्या हातात हवं. व्हिगारची, म्हणजे चर्चच्या मुख्य पाद्रींची, काही वर्षांनी बदली होते, आपण इथेच असतो. त्या कुटुंबाला पुढच्या वर्षीही तीच ओळखीची तोंडं दिसली पाहिजेत.

ठरलं ते एवढंच: सगळ्यांची मिळून एक वही, आणि प्रत्येक कुटुंबामागे दोन माणसं, दोन वेगळ्या चर्चची. त्या कुटुंबाला काही द्यायचं तर आधी त्या दोघांना विचारायचं. जोडीने घरी जायची पद्धत आमच्या संघटनेत पहिल्यापासून आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही संघटना सुरू केली. गरिबाच्या घरी जाऊन बसायचं, हेच मुख्य काम. जोडीतला दुसरा माणूस वेगळ्या चर्चचा असला की आणखी एक फायदा होतो, कुटुंब कुणा एका मंडळीचं होऊन जात नाही.

हे मोठ्या प्रमाणावर जमतं का, अशी शंका आमच्या बैठकीतही आली होती. रोममधला संत एजिदिओ हा प्रापंचिकांचाच समुदाय, १९६८ मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला. त्यांनी आणि इटलीतल्या प्रोटेस्टंट चर्चनी मिळून डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार केला. लेबनॉनमधल्या सीरियन निर्वासितांना रीतसर व्हिसा मिळवून द्यायचा आणि विमानाने आणायचं, म्हणजे जीव धोक्यात घालून बोटीत बसायला नको. खर्च चर्चनी उचलला, आणि आलेली कुटुंबं ठिकठिकाणच्या स्थानिक गटांनी सांभाळली. धर्मशास्त्रातले मतभेद मिटायची वाट त्यांनी पाहिली नाही.

आमच्या गटात कुर्डीचे एक आजोबा आहेत. साळावली धरणात गाव गेलं तेव्हा त्यांचं घर वाडे इथे आलं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीकर, हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही, देवळापाशी आणि कपेलापाशी जमतात, तसे तेही जातात. नव्या कुटुंबाकडे पहिल्यांदा आम्ही त्यांनाच पाठवतो. ते वस्तूंचं नंतर विचारतात. आधी विचारतात, तुमच्या गावचं इथे आणखी कोण आहे? त्या एका प्रश्नामुळे आम्हाला कळलं की चुराचांदपूरच्या बाईची मावसबहीण कळंगुटला कामाला आहे, आणि ती दोन वर्षं हिला शोधत होती.

मदत करताना प्रार्थनेची अट नको, पत्रकं नकोत, फोटो तर मुळीच नकोत. त्यांची गावं जळालेली आहेत. फोटो कुठे फिरेल आणि कोण बघेल याची त्यांना भीती असते. आमच्याकडे कुकी कुटुंबं आली तसं एक मैतेई हिंदू कुटुंबही आलं. त्यांचंही घर गेलं होतं, वहीत त्यांचंही पान आहे. यावरून आमच्यात वाद झाला होता, पण मी त्यात जराही मागे हटले नाही.

आता कायदा. मणिपूरची माणसं भारताचे नागरिक आहेत, निर्वासित नव्हेत, त्यामुळे इथे राहायला कुणाची परवानगी लागत नाही. घरमालकाला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस स्टेशनला द्यावा लागतो, तो भरायला मदत करा. खोली नाकारली जाते ती बऱ्याचदा याच धास्तीने. आधार हरवलं असेल तर आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून ते परत मिळतं. अन्न सुरक्षा कायद्याखालचं रेशनकार्ड असेल तर धान्य गोव्यातल्या दुकानातही मिळतं. शाळेसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचून जा: टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू शकत नाही. आमच्या त्या मुलीसाठी आम्ही कायद्याची छापील प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटलो, आठवड्यात ती वर्गात बसली. टीसी आठ महिन्यांनी आली. आणि वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्यात वांशिक हिंसाचाराच्या बळींना मोफत कायदेशीर मदत स्पष्ट लिहिलेली आहे.

परदेशी निर्वासित असेल तर गोष्ट वेगळी. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अशा माणसाला लपवून ठेवू नका, त्यात त्याचाच घात होतो. आधी वकील गाठा, आणि दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांचं कार्यालय आहे, तिथे नोंद झालीय का ते बघा.

शेवटचं पैशांचं, आणि हे गोव्यात फार जपायला हवं. आपल्यातले कितीतरी जण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले, म्हणजे ते आता भारताचे नागरिक नाहीत. त्यांनी वाटण्यासाठी पाठवलेला पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरच्या, कायद्याने परकीय देणगी ठरतो, मग तो सख्ख्या भावाने पाठवलेला का असेना. तो तुमच्या किंवा गटाच्या खात्यात घेऊ नका. त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच त्यांना थेट देऊ दे. आखातात भारतीय पासपोर्टवर असलेल्यांनी स्वतःच्या पगारातून दिलं तर ही अडचण नाही. हिशेब त्याच वहीत मागच्या बाजूने लिहा आणि महिन्याला सगळ्या गटांसमोर वाचून दाखवा.

तुमच्या चार कुटुंबांत शाळेच्या वयाची मुलं किती, ते इथे कळवा. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, तो टाकते.